पितोग्वे कुणासाठी ओरडतो

"आई, दगड खाली ठेव," ओबदुलिया डोळे न उघडताच म्हणाली.

देमेत्रियाने हात पटकन पाठीमागे नेला. "कसला दगड? काही नाहीये माझ्या हातात."

"तो ओरडला की तुझ्या चपला वाजायच्या थांबतात. ठेव खाली. भुकेला असेल बिचारा."

देमेत्रियाने दगड एप्रनच्या खिशात सारला. आंब्याच्या फांदीवरून पुन्हा त्या पक्ष्याचा तोच आवाज आला. पितोग्वे! पितोग्वे! पिवळंधमक पोट, डोळ्यांवर काळी पट्टी, आणि ऐट तर अशी की जसं काही घर त्याच्याच नावावर आहे. जानेवारी म्हणजे पॅराग्वेत ऐन उन्हाळा, त्यातली भर दुपार. अंगणातली तांबडी माती पायाला चटके देत होती, कोंबड्या पंख पसरून आणि चोची वासून सावलीत पडल्या होत्या. अख्खं गाव दारं लावून झोपलं होतं. ह्या मेल्याचा घसा तेवढा कोरडा पडत नव्हता.

आतल्या खोलीत ओबदुलियाचा जीव गुदमरायचा, म्हणून तिची खाट दिवसभर ओसरीवर असे. तिथून तिला सगळं अंगण दिसायचं. कुंपणाच्या खांबावर मातीचं भट्टीसारखं घरटं बांधणारी जोडी, पाण्याच्या परातीत डुंबणारे होले, पेरूवर भांडणारे पोपट. हेच आता तिचं जग उरलं होतं. हातपाय काटक्यांसारखे झाले होते, आणि चादरीखाली पोट तेवढं वर आलेलं. रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या माणसाला वाटावं, पोरीचे दिवस भरत आले.

पॅराग्वेच्या त्या मुलखात शेंबड्या पोराला विचारा, तेही सांगेल, की पितोग्वे एखाद्या घराशी येऊन सारखा ओरडायला लागला, की त्या घरात कुणाला तरी दिवस गेलेले असतात. यावर कुणी शपथ घेत नाही, पण हसून सोडूनही देत नाही. गेल्या हिवाळ्यात तो या आंब्यावर येऊन बसला तो हललाच नाही. ओबदुलियाचं लग्न होऊन वर्षं लोटली होती, चाळिशी तोंडावर आली होती, आणि पाळणा काही हलला नव्हता. नेमकी त्याच महिन्यात तिची पाळी चुकली. मग काय विचारता! कुंपणापलीकडच्या बायका ओरडायला लागल्या, "मावशी, चिपाचे पाव भाजायला घ्या! यंदा तुमच्या हातात तुमचंच नातवंड!" कारण देमेत्रिया गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातांत जन्मलेलं, आणि सगळं गाव तिला मावशी म्हणणारं.

चौथ्या महिन्यात तिने तेल कोमट करून लेकीच्या पोटाला हात लावला, आणि हात मध्येच थांबला. एका बाजूला काहीतरी टणक होतं, आणि ते निपचित होतं. मूल असं लागत नाही. तिच्या हातांना ते तत्काळ कळलं. तेवढ्यात बाहेर तो ओरडला, आणि ओबदुलिया खुदकन हसली, "बघ, त्यालासुद्धा ठाऊक आहे!"

त्या हसण्यापुढे देमेत्रियाची जीभ उचलेना. "आळशी आहे पोरगं," ती म्हणाली. "बापावर गेलंय. उशिरा हलेल."

त्यानंतर तिने त्या पोटाला हात लावला नाही. स्वतःच्या लेकीचं पोट सारखं चाचपू नये, दृष्ट लागते, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुढे दुखायला लागलं, रक्त जायला लागलं, तेव्हा बसने राजधानीतलं मोठं इस्पितळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, गाठ आहे. आधी आणायला हवं होतं, आता कापण्यासारखं काही उरलं नाही. जावई फुल्हेन्सिओ घरी येऊन अंगणात उभा राहिला आणि त्या पक्ष्याला त्याने आईबहिणीवरून शिव्या दिल्या. गाव म्हणालं, पक्षी खोटं बोलला. देमेत्रियाही मान डोलवून म्हणाली, हो, खोटं बोलला.

आज फुल्हेन्सिओ दुखणं थांबवायचं औषध आणायला जवळच्या शहरात, कासाप्याला, गेला होता. घरात दोघीच. लेकीला ऐकू येतंय तोवर सांगून टाकायचं, असं देमेत्रियाने सकाळपासून मनाशी घोकलं होतं. तिने तेरेरेचा पाला भरलेल्या शिंगाच्या पेल्यात बर्फाचं पाणी ओतलं, नळी लेकीच्या ओठांना लावली. ओबदुलियाने जेमतेम जीभ ओली केली.

"पोरी, मला तुला एक सांगायचंय."

फाटकाशी कुणीतरी हाक मारावी तशा टाळ्या वाजवल्या. शेजारची नवी सून मिर्ता डोक्यावर टॉवेल घेऊन उन्हात उभी होती. कुणी बघायला नको म्हणून नेमकी झोपेची वेळ साधून आली होती.

"मावशी, जरा बाहेर येता का... नाही, मीच येते आत," ती गडबडली. ओसरीवर येऊन तिने आवाज खाली आणला. "सासूबाई म्हणतात, तो हल्ली आमच्यासाठी ओरडतोय. पाचवा लागलाय मला. जरा हात लावून बघता का?" मग तिची नजर खाटेवर गेली आणि तोंड उतरलं. "अगं बाई. मी नंतर येते."

"नंतरही येऊ नकोस," देमेत्रिया म्हणाली. "कासाप्याला जा. तिथं मशीनमध्ये दिसतं सगळं. माझ्या हातांत आता काही राहिलं नाही."

"बुधवारी जाणारच आहोत. पण तोवर झोप येत नाही हो मला. माझ्या नवऱ्यालासुद्धा तुम्हीच काढलंत ना?"

"त्याला काढलं, चूक झाली. रडून गाव उठवलं होतं मेल्याने."

मिर्ताला हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

"आई, बघ तिला," खाटेवरून ओबदुलिया म्हणाली.

"नाही."

"बघ म्हणते ना. इथं, माझ्यासमोर."

देमेत्रियाने नाइलाजाने हात धुतले. बाकडं खाटेला लावून मिर्ताला आडवं केलं, तेल घेतलं. ओबदुलियाने अंगणाकडची मान वळवली आणि आईच्या हातांवर डोळे लावले. हात पोटावरून फिरत गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. मग आतून एक लाथ बसली.

"हललं?" ओबदुलियाने विचारलं.

"हललं."

"मला दे."

देमेत्रियाने लेकीचा हात उचलून मिर्ताच्या पोटावर ठेवला. "अगं आई गं, केवढं दांडगं आहे!" ओबदुलिया हसली. ते हसू देमेत्रियाने चौथ्या महिन्यातल्या त्या दिवसानंतर आजच ऐकलं.

"तरी बुधवारी जायचं," तिने मिर्ताला दटावलं. "पक्षी काय म्हणतो, मी काय म्हणते, ते सोड. जायचं म्हणजे जायचं."

मिर्ता गेली. फाटकाची कडी वाजली.

"आज थांबला नाही तुझा हात," ओबदुलिया म्हणाली. "तेव्हा माझ्या पोटावर थांबला होता."

देमेत्रिया बाकड्यावर मटकन बसली.

"मी बघत होते, आई."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस." तिला धाप लागली. थोडं थांबून ती म्हणाली, "मला त्या पक्ष्याचंच ऐकायचं होतं. तुलाही."

"मी तुझी सुईण व्हायला हवं होतं, पोरी." देमेत्रिया हमसून रडायला लागली. "आईच राहिले. पापीण मी, आईच राहिले."

ओबदुलियाने तिचं रडणं ओसरू दिलं.

"फुल्हेन्सिओला सांगू नकोस," ती शेवटी म्हणाली. "त्याला पक्ष्यालाच शिव्या देऊ दे."

मग तिचा डोळा लागला. देमेत्रियाने खिशातला दगड काढून आवाज न करता ओसरीच्या कडेला ठेवला, आणि सकाळची उरलेली पपईची फोड कुंपणाच्या खांबावर नेऊन ठेवली. पितोग्वे उतरला, चोच मारून उडाला, आंब्यावर जाऊन पुन्हा ओरडला. ती खाटेशी परत आली. चादर थोडी बाजूला करून तिने लेकीच्या पोटावर हात ठेवला. आत ते तसंच होतं, टणक आणि निपचित. फाटकाशी फुल्हेन्सिओ आला तरी तिने तो हात उचलला नाही.