घोटभर कोयनेल

सांगलीच्या औषधकंपनीनं केरबाला दोन गोष्टी दिल्या होत्या. एक खाकी कोट आणि दुसरा कानातला गुणगुणाट. कोटामुळं उंब्रजपासून पाटणपर्यंत लोक त्याला डाक्तर म्हणायचे. जन्मभर बैलांच्या शेपट्या पिरगाळलेल्या माणसाला त्या एका शब्दानं पोट भरल्यासारखं व्हायचं. कंपनीचे उपकार तो कधी विसरला नाही. गुणगुणाट मात्र कोयनेलचा होता; हिवतापावरचं ते कडू औषध रोज पोटात गेलं की कान वाजायला लागतात.

सन एकेचाळीसचा पावसाळा सरला आणि पाटणच्या बाजूला घरटी हिवताप शिरला. केरबा कंपनीचं औषध घेऊन दारोदार फिरायचा, पण भरवसा कुणाला? प्रत्येक उंबऱ्यावर एकच बोलणं, "आधी तुमी प्या, मग आमी." केरबा प्यायचा. दहा घरं झाली की दहा घोट. दिवस मावळेपर्यंत भाकरीसुद्धा कडू लागायची.

वर कंपनीची बोलणी वेगळीच. नमुन्याच्या बाटल्या इतक्या लवकर कशा संपतात, असं तिसऱ्यांदा पत्र आलं आणि पत्रापाठोपाठ मॅनेजर जिनदत्तअण्णाच मोटारीतून उतरले. माणूस सज्जन, पक्का जैन, पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवील तर शपथ!

"केरबा, बाटल्या परस्पर विकतोस म्हणे. खरं निघालं तर कोट काढून ठेवायचा."

केरबानं कोट घट्ट धरला. "आवं अण्णा, मीच पितो त्या."

"अंगात ताप नाही आणि कोयनेल पितोस? मला काय दूधखुळा समजलास?"

"मग चला संगट. तुमीच बघा."

घाट चढून वरच्या वाडीत पोचेपर्यंत दिवस कलला. बनुबाईचा नवरा जोतिबा घोंगडीत कुडकुडत पडला होता. केरबानं बूच काढलं, सवयीनं बाटली तोंडाशी नेली, तोच बनुबाईनं हात आडवा घातला.

"तुमी नगा. तुमाला रोजची सवय हाय. ह्ये तुमचं सायेब पितील, तर मी म्हाताऱ्याला पाजीन."

अण्णांनी मावळतीकडं बघितलं. सूर्य डोंगराला टेकला होता. तो बुडाल्यावर अण्णांना अन्न सोडाच, पाण्याचा थेंबही चालत नसे. इकडं जोतिबाचे दात वाजत होते.

"आण इकडं," अण्णा म्हणाले आणि घोट नव्हे, पेलाभर कोयनेल त्यांनी एका दमात घशाखाली घातलं. बनुबाईनं नवऱ्याला डोस पाजला आणि ती लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन आली. तोवर सूर्य गेला होता.

अण्णांनी कसंबसं हसून हात जोडले. "आता पाणी सकाळीच, बाई."

सकाळी जोतिबाला घाम सुटून ताप उतरला होता. तो भिंतीला टेकून पेज पीत होता. बनुबाईनं अण्णांपुढं तांब्या आणि गुळाचा खडा ठेवला आणि पदरानं डोळे पुसले. अण्णा तांब्या रिकामा करूनच थांबले.

"केरबा, दिवसाला असे दहा घोट?"

"कवा कवा बारा बी हुत्यात."

अण्णांनी स्वतःचा गुणगुणता कान चोळला आणि ते उठले. पुढच्या घरी सुलाबाई लेकराला घेऊन दारातच उभी होती. "आधी तुमी," ती म्हणाली. केरबानं बाटली उचलली, तर अण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. आज तुझ्या कानांना सुट्टी."

आणि ते प्याले. केरबाला रडूच फुटलं. त्यानं कोटाच्या बाहीनं डोळे पुसले आणि धावत जाऊन अण्णांसाठी पाणी मागून आणलं.