पानगळीचं ठिकाण नंबर एक

जीप पुरती थांबायच्या आधीच बाईसाहेब खाली उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून झाडांकडं बघत राहिल्या. औसा रोडची ती बेचाळीस बदामाची झाडं, एका ओळीत, बुडापासून शेंड्यापर्यंत तांब्यासारखी झालेली. वर सकाळचं कोवळं ऊन. दिसत होती छान, त्यात खोटं काही नाही. मुलामा दिलेला दागिनाही लांबून छानच दिसतो.

माणिकप्पा तिसऱ्या झाडाला टेकून तंबाखू मळत होता. तो उठला, तंबाखू डबीत परत टाकली, डोक्याचा रुमाल नीट केला आणि मनात म्हणाला, आली ब्याद.

ब्याद म्हणजे उमादेवी बाईसाहेब. त्यांचे साहेब नगर शोभा समितीचे मुख्य. ही समिती तशी नवीनच. लातूर जिल्हा झाला, उस्मानाबादला हेलपाटे मारायचे थांबले, आणि कालपर्यंत मोंढ्यात पोत्यावर बसून शेंगा फोडणारी माणसं एकमेकांना सांगायला लागली की आता आपण मोठं शहर. मोठं शहर म्हटलं की शोभा पाहिजे. जिल्हा आला आणि पाऊस गेला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बायका घागरी घेऊन रांगेत. पण शोभेची समिती मात्र दर सोमवारी बसायची आणि चहा प्यायची.

आता मुंबईहून पाहुणे येणार होते. त्यांना द्यायला शहरातल्या बघण्यासारख्या जागांचं पुस्तक छापायचं ठरलं. गंजगोलाईची बाजारपेठ लिहिली आणि समितीची लेखणी अडली. तेव्हा बाईसाहेबांना आठवलं की त्या अमेरिकेत भावाकडं सहा महिने होत्या, तिथं लोक डबे बांधून, गाड्या काढून पिकलेली पानं बघायला जातात. कुठल्या शहरात, कुठल्या बागेत, कुठल्या आठवड्यात पानं बघावीत याची म्हणे तिकडं पुस्तकं निघतात.

हे सगळं साहेबांनी जीपमधून उतरता उतरता माणिकप्पाला सांगितलं. माणिकप्पानं ऐकून घेतलं. त्याच्या मनात आलं, खायला मिळतंय, प्यायला मिळतंय, मग माणसं असलं काहीतरी करणारच. अकरा वर्षं तो या रस्त्याची पानं झाडत होता. कुणी डबा बांधून आलं नव्हतं.

खरं सांगायचं तर तो पहाटेपासून साहेबांचीच वाट बघत होता. बोलायचं वाक्यसुद्धा तयार होतं: साहेब, झाडं तहानलीत, टँकर पाठवा. आठवड्याला दोन खेपा असायच्या. दसऱ्यापासून पंधरवड्याला एक झाली होती, कारण टँकर साहेबांच्या बंगल्यातल्या हिरवळीला जात होता. ती हिरवळ पाहुण्यांच्या चहासाठी. ही झाडं कुणाच्याच चहासाठी नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात माणिकप्पा आणि त्याची बायको गंगम्मा निलंग्याकडचं गाव सोडून इथं खडी फोडायला आले, सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढले, आणि रस्ता झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं म्हणून कडेनं ही बोटभर रोपं लावली. बाकीची माणसं पाऊस पडल्यावर गावी गेली. माणिकप्पा रोपांना पाणी घालायला म्हणून राहिला तो राहिलाच. त्याला पोरबाळ नव्हतं. कुणी विचारलं तर तो म्हणायचा, बेचाळीस हायत.

बदाम तांबडा होतो, पण माघात. एकेक पान पिकतं, लालबुंद होतं आणि आपोआप खाली येतं. आणि आत्ता होता कार्तिक, आणि झाडंच्या झाडं एकदम वाळली होती. शेळ्या राखणाऱ्या पोरीलाही यातला फरक कळला असता.

बाईसाहेबांनी विचारलं, "माळीबुवा, दरवर्षी येतो का हो हा रंग?"

माणिकप्पा माळी नव्हता. पण त्याला काही वाटलं नाही. त्यानं बाईसाहेबांच्या पायातल्या पांढऱ्या चपला बघितल्या, गळ्यातला कॅमेरा बघितला, आणि तयार केलेलं वाक्य त्याच्या घशातच आंबलं. ज्या बाईला मेलेलं आणि पिकलेलं यातलं कळत नाही तिला काय सांगायचं.

"हाव," तो म्हणाला.

पाहुणे येईपर्यंत, म्हणजे अजून तीन आठवडे, रंग टिकेल का, असं साहेबांनी विचारलं. त्यालाही तो हाव म्हणाला. मग साहेबांनी जरा विचार करून विचारलं, "पाणी दिलं तर परत हिरवी होतील का?"

"हाव."

"मग पाणी नको," साहेब बरोबरच्या कारकुनाला म्हणाले. "पाहुणे जाईपर्यंत इकडं टँकर पाठवू नका. लिहून घ्या."

कारकुनानं लिहून घेतलं.

मोठ्या माणसापुढं हाव म्हणायचं आणि त्याची पाठ वळली की आपल्याला पाहिजे ते करायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. निजामाच्या काळापासून माणसं तिच्यावर तगली. पण मागाहून आपलं करायला टँकर आपला लागतो. जीपची धूळ खाली बसेपर्यंत माणिकप्पाच्या हे ध्यानात आलं नाही.

दुपारी जेवताना त्यानं गंगम्माला सगळी हकिकत सांगितली. बाईसाहेब कशा मान वाकडी करून बघत होत्या, साहेब पानाचा वास कसा घेत होते, सगळं करून दाखवलं. गंगम्मा पदर तोंडाला लावून हसली. मग भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"अन् पाणी मागितलं का?"

"त्यानला मागून काय उपेग. येडी हायत सगळी."

"तुमी काय म्हणलाव?"

"हाव म्हणलो."

गंगम्मानं भाकरी तव्यावर टाकली. उलटी केली. फुगायची वाट बघितली. मग म्हणाली, "त्यानला पानातलं कळत न्हाई म्हणून ते येडे. तुमाला कळतंय, अन् तुमी हाव म्हणून आलाव. आता मला सांगा, येडं कोन?"

माणिकप्पा अर्धी भाकरी ठेवून उठला.

तो आधी व्यंकटीकडं गेला. व्यंकटी टँकरच्या ट्रॅक्टरवर होता, चांगला माणूस, पण नोकरीला घाबरणारा. त्यानं सांगितलं की अप्पा, लेखी हुकूम झालाय, आता एक थेंब तिकडं सांडला तर माझं लेकरू उपाशी मरंल. मग माणिकप्पा समितीच्या कचेरीत गेला आणि बाकावर तीन तास बसला. साहेब बाहेर आले तेव्हा त्याला बघून खूश झाले. पुस्तकाचा कच्चा कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तो वाचून दाखवला: शहरात पानगळ पाहण्याची उत्तम ठिकाणं. ठिकाण नंबर एक, औसा रोड, बदामांची रांग. माहिती, माणिकप्पा माळी.

माणिकप्पा म्हणाला, साहेब, झाडं मरायलीत. पाणी पाहिजे.

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं म्हातारा टँकर घराकडं वळवायला बघतोय. त्या दिवसांत सगळेच ते बघत होते. "अहो, पाणी दिलं तर हिरवी होतील, हे तुम्हीच सांगितलंत ना? सगळ्यांसमोर?" एवढं बोलून ते जीपमध्ये बसले.

पुढं तीन आठवडे माणिकप्पानं जे बघितलं त्यानं त्याचं डोकंच उठलं. पेपरात चार ओळी छापून आल्या आणि संध्याकाळी लोक पानगळ बघायला यायला लागले. जन्मात कधी मान वर करून झाड बघितलं नव्हतं असे आडते, वकील, मास्तर, नवी साडी नेसलेल्या त्यांच्या बायका. झाडाखाली उभं राहायचं, वर बघायचं, वा म्हणायचं, आणि शेंगांची टरफलं आळ्यात टाकून निघायचं. एक मास्तर पोरांना सांगत होता की बघा, किती दिवस झाले तरी एक पान गळत नाही, ही आपल्या मातीची ताकद. माणिकप्पा त्याच्याकडं बघत राहिला. एक शेळी आली, खालच्या फांदीला तोंड लावलं, फुर्र केलं आणि निघून गेली. माणिकप्पाला वाटलं, समितीवर हिला घ्यायला पाहिजे होतं.

पण हसू येईना. रोज झाडांपुढून जाताना गंगम्माचं बोलणं कानात वाजायचं. साहेबाला नावं ठेवून झाली, बाईसाहेबाला ठेवून झाली, मास्तरला झाली, की पुढचा नंबर त्याचाच यायचा.

पाहुणे आले. तीन गाड्या आल्या, फोटो निघाले. एका पाहुण्यानं असं दृश्य महाबळेश्वरलाही नाही म्हणून सांगितलं. बाईसाहेबांचा चेहरा फुलला. त्या माणिकप्पाजवळ येऊन म्हणाल्या की वहीत ठेवायला चार चांगली पानं तोडून द्या.

"तुमीच तोडा," माणिकप्पा म्हणाला.

त्यांनी हात वर करून एक पान ओढलं. पान आलं नाही. जोर लावला तर मधून फाटलं, देठ फांदीलाच राहिला. दुसरं ओढलं, तेही फाटलं.

"पिकल्यालं पान नुसता हात लावला तरी येतंय," माणिकप्पा म्हणाला. आवाज त्यानं चढवला नाही. "झाडच त्याला सोडतंय. ह्या झाडाला सोडायचं बी बळ राहिलं न्हाई, बाईसाहेब. लई दिवस झाले." त्यानं अंगठ्याचं नख खोडावर ओढलं. साल निघाली. आत हिरवं पाहिजे होतं, ते विडीच्या पानासारखं करडं होतं.

बाईसाहेब त्या रेघेकडं बघत राहिल्या. मागं पाहुणे हसत होते. मग त्या हळूच म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलंत?"

माणिकप्पाच्या तोंडात भरपूर होतं. पांढऱ्या चपलांवर होतं, हिरवळीवर होतं, अमेरिकेवर होतं. पण तिनं जे विचारलं त्याचं उत्तर त्यात कुठंच नव्हतं.

"तुमाला सांगून काय उपेग, असं वाटलं," तो म्हणाला.

बाईसाहेबांनी मान हलवली, रागावल्या नाहीत, आणि गाडीकडं गेल्या. ती बाई रागावली असती तर माणिकप्पाला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या ठोक्याला व्यंकटी टँकर घेऊन आला. म्हणाला, बाईसाहेबांनी स्वतः सांगितलंय, बंगल्याची हिरवळ बंद, आधी हितं.

माणिकप्पा पहिल्या झाडापासून निघाला. प्रत्येक खोडावर बुडाशी नख ओढायचा, बघायचा, पुढं जायचा. व्यंकटी ट्रॅक्टर हळूहळू मागून आणत होता. हिरवं लागलं की माणिकप्पा नुसता हात वर करायचा आणि व्यंकटी पाइप सोडायचा. बेचाळीस झाडांत त्यानं तेरा वेळा हात वर केला. टँकरमध्ये पाणी उरलं, ते त्यानं त्या तेरांनाच दुसऱ्यांदा दिलं.

व्यंकटी गेला. मग माणिकप्पा फावडं घेऊन राहिलेल्या झाडांकडं आला. पुढं वळिवाच्या पाण्यानंही तिथं थांबून वाया जाऊ नये म्हणून त्यांची आळी बुजवायची होती. एकोणतीस आळी. पहिल्या आळ्यापाशी त्यानं टरफलं वेचून बाजूला केली, चपला काढल्या, आणि फावडं लावायच्या आधी खाली वाकून एक मूठ माती हातानं टाकली. मग दुसऱ्या झाडाकडं गेला, तिथंही आधी मूठच टाकली.

रस्त्यावरून एक कुटुंब पानं बघायला आलं होतं. बाप्यानं विचारलं, ठिकाण नंबर एक हेच का.

माणिकप्पानं वाकून मातीची मूठ भरून घेतली. तो तिसऱ्या झाडापाशी पोचला होता.