मशीन चालू असताना

दुकान म्हणजे एकच खोली. दारापाशी मास्तरांचं शिलाई मशीन, खिडकीपाशी बाईंची खुर्ची. टिपा मारायच्या मास्तरांनी. काजं, बटणं, हुक, हातशिलाई बाईंची. अकरा वर्षं हीच वाटणी चालत आली होती. बाईंना कामावर आणलं होतं मास्तरांच्या बायकोने. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि मास्तर एकदम गप्प झाले. ते पाहून त्यांच्या लेकीने दुकानातल्या फोनवर कादंबऱ्या ऐकायची सोय करून दिली. "निदान कानांना तरी सोबत," म्हणाली.

मोकळा प्लग खिडकीपाशी होता, म्हणून फोन तिथेच, बाईंच्या कोपराजवळ असायचा. सध्याची कादंबरी प्रेमाची होती आणि दोन काळांत चालायची. एक प्रकरण साठ वर्षांपूर्वीचं: टेलिफोन ऑफिसात काम करणारी मुलगी आणि पूल बांधायला आलेला एक तरुण. दुसरं आजचं: त्या मुलीची नात आजीच्या घरी राहायला येते आणि पोटमाळ्यावरची खोकी उपसत बसते.

मास्तरांचा जीव जडला तो टेलिफोनवालीवर. नात त्यांच्या डोक्यात जायची. फार प्रश्न विचारते, म्हणायचे. म्हणून त्यांनी मनाशी सोय लावून घेतली होती. जुन्या काळाचं प्रकरण लागलं की ते उसवण्याचं नाहीतर कापण्याचं बिनआवाजी काम काढत, आणि नात आली की लांबलचक टिपा मारायला घेत. एकदा का ते मशीन खडखडायला लागलं, की कादंबरी ऐकू येई ती फक्त बाईंना. बाईंना याचा पत्ताच नव्हता. मास्तर मान हलवतात म्हणजे ऐकतात, असं त्या धरून चालल्या होत्या. मान हलायची ती मशीनच्या तालावर.

या आठवड्यात मात्र मास्तरांच्या टिपाही वाकड्या पडत होत्या. बाईंची धाकटी बहीण दुसऱ्या गावी एकटी राहायची. 'ये माझ्याकडे' म्हणून ती कधीची मागे लागली होती. सोमवारी बाईंनी विषय काढला. "शनिवारी जावं म्हणते, मास्तर. कायमचंच."

"बरं आहे," मास्तर म्हणाले. "बहिणीपाशी असावं माणसाने."

झालं. एवढंच बोलून ते कोटाचं अस्तर उलटं जोडून बसले, आणि नंतर तासभर ते उसवत राहिले. बाई गेल्यावर या खोलीत आपण काय करणार, हे त्यांना कळत नव्हतं. आणि जाणाऱ्याला अडवणारे आपण कोण, हेही कळत नव्हतं. गुरुवारी बाई बहिणीच्या फोनची वाट बघत होत्या. तिला आज पक्कं सांगायचं होतं.

त्या दुपारी जुन्या काळाचं प्रकरण संपलं. पूल झाला, तरुण गाडीत बसला, मुलगी फलाटावर उभी राहिली. मास्तरांनी कात्री खाली ठेवली. "चला, आटोपलं बिचाऱ्याचं. पुन्हा काही भेट नाही."

"आटोपलं कसं?" बाई म्हणाल्या. "मग चार दिवस बागेत कोण बसलंय?"

"तो म्हातारा? तो घरमालक ना?"

बाईंनी सुई कापडात टोचून ठेवली आणि मास्तरांकडे नीट बघितलं. "मास्तर, तोच तो. पूलवाला. आजीच्या शेजारचं घर घेऊन राहिलाय. आजी वरच्या खोलीत आहे, तिला अजून माहीत नाही. तुम्ही ऐकत काय होता इतके दिवस?"

मास्तरांनी जीभ चावली आणि नातीचा वेळ टिपांना कसा दिला, ते सगळं सांगून टाकलं. बाई आधी हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग उठून त्यांनी मशीनचा प्लगच काढला.

"बसा इथे. ऐका."

मास्तर स्टूल ओढून खिडकीपाशी बसले. बाईंनी नातीची मागची प्रकरणं एकेक करून पुन्हा लावली. पँट आखूड करायला कोणी आलं, त्याला मास्तरांनी बसल्या जागेवरून "उद्या या" सांगितलं. नात काही वाईट नव्हती. प्रश्न विचारायची खरी, पण विचारण्यासारखेच. तिने म्हाताऱ्याला विचारलं, तेव्हा का नाही थांबलात? तो म्हणाला, ती 'थांब' म्हणेल म्हणून मी वाट बघत होतो. आणि मी 'थांबतो' म्हणेन म्हणून ती.

मास्तरांनी हात पुढे करून फोन थांबवला. खोलीत काहीच वाजत नव्हतं.

"बाई, एक सांगायचं राहिलंय. ही गेली त्यानंतरचं. माझा हात चालत नव्हता. मी वाकड्यातिकड्या टिपा मारून घरी जायचो, आणि सकाळी त्या सरळ झालेल्या असायच्या."

बाईंनी टोचून ठेवलेली सुई पुन्हा हातात घेतली.

"तुम्हाला मशीन येत नाही. तुम्ही ते सगळं उसवून हाताने शिवायचात. मी तीस वर्षं हा धंदा करतोय, हाताचा टाका मला ओळखू येत नाही का? ओळखला होता मी. पहिल्याच दिवशी. पण बोललो असतो तर रडलो असतो, म्हणून बोललो नाही. गिऱ्हाइकाला सांगितलं नाहीत, माझ्या लेकीला सांगितलं नाहीत, मलासुद्धा नाही. हे दुकान तुमच्यामुळे उभं आहे. मीपण."

"आता सावरलात की तुम्ही," बाई हळूच म्हणाल्या. "म्हटलं, आता माझं काय काम?"

"काम असो नसो," मास्तर म्हणाले. "जाऊ नका. थांबा."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मास्तरांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. बाईंनी पदराने डोळे पुसून तो कानाला लावला.

"अगं, नाही येत मी. राहायला नाही, दोन दिवस भेटून जाईन." मग बराच वेळ त्यांनी बहिणीचं ऐकून घेतलं. "नाही, भांडण कसलं? ... नाही गं, तब्येतही बरी आहे. मास्तर थांबा म्हणाले ... हो, एवढंच म्हणाले. कोणीतरी म्हणायला हवं होतं ना."