बरणीतली साखर

राहुरीजवळच्या जंतूंच्या प्रयोगशाळेत गोरक्ष शिपायावर संशोधक कृपाबाईंचा पहिल्यापासून संशय होता. बरणीतली दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज, घालून बशीत जंतू वाढवले, की ती आत ओढून घेणारे लाल होत. त्यासाठीचं जनुक बिघडलेले तेवढे पांढरे राहत. आज धडधाकट जंतूही पांढरेफटक निघाले. घोळ कुणी घातला असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बरणीपाशी सारखा घुटमळायचा तो गोरक्षच. बाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवली. दुधाची साखर एवढी गोड नसते.

"यात काय भरलंस?"

"आमच्या शेअरवर मिळालेली, साखर कारखान्याची," गोरक्ष म्हणाला. "आदुगरची तुमच्याच चहात सरली. तुमी रोज म्हनायच्या, चहा गोडच लागत न्हाई."