भोंग्याचं काय करायचं

माईंनी हात वर केला, पण पुढच्या रांगेतला न्हावी त्याआधीच उठून उभा राहिला होता.

“बाग करा, पण बाकं एकेकट्याला पुरतील एवढीच ठेवा. नाहीतर पोरं-पोरी येऊन बसतील.”

“बसू देत की,” मागून कुणीतरी म्हणालं. “नटूनथटून येतील. दुकान तुझंच चालेल.”

शाळेच्या सभागृहात हशा पिकला. बंद पडलेल्या काच कारखान्याच्या जागी बाग व्हायची होती. तिथं काय हवं, काय नको, हे वस्तीला विचारायला आजची सभा होती. आराखडा करणाऱ्या बाई भिंतीवरच्या नकाशासमोर उभ्या राहून एकेकाचं ऐकून घेत होत्या.

माईंनी हात खाली घेतला. त्यांना एकच गोष्ट सांगायची होती. कारखान्याचं बाकी काहीही ठेवा, पण तो भोंगा तेवढा काढून टाका. भट्टी फुटली त्या दुपारी कुणीतरी भोंगा सुरू केला होता आणि तो काही केल्या थांबेना. वस्तीतल्या बायका फाटकाशी धावल्या. एकेकीचं माणूस बाहेर येत गेलं, एकेक घरी गेली. माई उभ्याच राहिल्या, आणि भोंगा वाजतच राहिला. मुलगा तेव्हा मावशीकडे होता. त्याला परत आणलं तेव्हा सगळं उरकलं होतं. त्या आवाजाबद्दल माई त्याच्याशी कधी बोलल्या नाहीत.

न्हावी बसला तसा त्यांचा मुलगाच उठला. तो वायरमन होता. आपण सभेत बोलणार आहोत, हे त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

“मी भोंगा बघून आलोय,” तो म्हणाला. “गंजलाय, पण दुरुस्त होईल. मी करून देतो. रोज संध्याकाळी एकदा वाजावा, एवढंच माझं म्हणणं.”

“का बरं?” बाईंनी विचारलं.

चारचौघांत बोलायची त्याला सवय नव्हती. त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

“लहान होतो. भोंगा झाला की फाटकापर्यंत पळत जायचो. बाबा बाहेर यायचे, खांद्यावर घ्यायचे. त्यांचा चेहरा मला आता आठवत नाही. फोटोतला आठवतो, पण तो फोटोतला. भोंगा मात्र…” तो थांबला. “तेवढंच.”

न्हाव्यानं मान खाली घातली.

“आजी, मघाशी तुमचा हात वर होता,” बाई म्हणाल्या.

गुडघ्यावर हात देत माई उठल्या. मुलानं वळून पाहिलं. परीक्षेचा निकाल लागायचा असला की लहानपणी तो असंच बघायचा.

“सावली हवी,” माई म्हणाल्या. “फाटकापाशी. तिथं उभं राहणाऱ्याला फार ऊन लागतं.”

सभा संपल्यावर भट्टीवर त्यांच्या नवऱ्याच्या जोडीला असलेले शेजारी त्यांना पायरीवर भेटले.

“वहिनी, काल तर भोंगा उपटून टाका म्हणत होतात.”

“म्हणत होते, भावोजी.”

“मग?”

माई थोडा वेळ चप्पल शोधत राहिल्या.

“माझ्यापाशी त्यांचं पुष्कळ आहे. भांडणं आहेत, घोरणं आहे, अबोलेसुद्धा आहेत. त्याच्यापाशी एवढंच आहे.”

शेजाऱ्यांनी टोपी काढून पुन्हा घातली आणि ते वाटेला लागले. तेवढ्यात मुलगा गर्दीतून वाट काढत आला. त्याचा चेहरा उजळला होता.

“आई, सगळे हो म्हणाले. दुरुस्त झाला की पहिल्यांदा तुझ्यासमोर वाजवणार. येशील ना?”

“येईन.” माईंनी त्याच्या दंडाचा आधार घेतला आणि एक पायरी उतरून त्या थांबल्या. “फक्त अचानक वाजवू नकोस. आधी सांग मला.”

“सांगेन की,” तो म्हणाला आणि उरलेल्या पायऱ्या त्यांना सावकाश उतरवू लागला.