शाळेची घंटा आणि बोलतं यंत्र

मित्रांनो, जगातल्या सगळ्या भाषा मला सारख्याच येतात. संस्कृतपासून इंग्रजीपर्यंत एकीतही माझी आजवर चूक झालेली नाही. कारण मला कुठल्याच भाषेतला एकही शब्द येत नाही. मी एक जुना रुळाचा तुकडा आहे आणि 'ठण्ण' एवढंच म्हणतो.

तरुणपणी रायपूरच्या यार्डात मी मालगाड्या अंगावर घेतल्या. झिजलो तेव्हा कापला गेलो. विदर्भातून रेल्वेत आलेल्या मारोती मिस्त्रींनी साहेबांची परवानगी काढली आणि माझा हातभर तुकडा आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, शाळेत कडुनिंबाला टांगला. तेव्हा शाळा मराठी होती. पुढे हिंदी झाली, मराठीचा एक तास उरला, मग इंग्रजीचे वर्ग आले. फलक तीनदा रंगला. मी तोच राहिलो. मिस्त्रींची लेक अंजनाबाई मला एकोणीस वर्षं हातोडीनं वाजवत आल्या.

यंदा तेलीबांध्याला ऑफिस असलेल्या शेखरभाऊंनी शाळेला एक यंत्र भेट दिलं. तास बदलला की ते गोड आवाजात तसं बोलून सांगणार. मुख्याध्यापकांनी अंजनाबाईंना कळवलं, "सोमवारी यंत्र लागेल. त्या दिवसापासून तुमचं काम नाही."

अंजनाबाई यंत्राच्या खोक्याकडे बघत मला म्हणाल्या, "याले तं बोलताबी येते, बाप्पा. आता आपल्याले काहून ठेवतीन?"

 त्यानंतर वारा नसतानाही मी हलत होतो.

मग कुणीतरी विचारलं, यंत्र बोलणार कोणत्या भाषेत? झालं. किराणा दुकानात लोक एकमेकांकडे पाठ करून साखर घेऊ लागले. शनिवारी माझ्याच झाडाखाली सभा भरली. अध्यक्ष निरंजनभाऊंनी टेबल ठोकायला अंजनाबाईंची हातोडी मागून घेतली. अंजनाबाईंना चहाचं काम दिलं. त्यांचं मत कुणी मागितलं नाही.

"मराठी तो लगनाही चाहिए! हमारी अस्मिता का सवाल है!" पद्मिनीबाई कडाडल्या. मराठीत बोलल्या असत्या तर अर्ध्या सभेला कळलं नसतं आणि उरलेल्या अर्ध्या सभेनं हिंदीत उत्तर दिलं असतं.

"काकू, इंग्लिशच ठेवा," शेखरभाऊ म्हणाले. "पोट्टे पुण्या-बंगलोरले जाऊन राहिले."

"हमर पारा के इस्कूल, अउ छत्तीसगढी नई? काबर?" रमादीदी उभ्या राहिल्या. 'काबर' म्हणजे का. ते त्यांनी सात वेळा विचारलं.

शेवटी तोडगा निघाला: हिंदी धरून चारही भाषांत सांगावं. टाळ्या पडल्या. मग पहिली भाषा कोणती, यावर खुर्च्या सरकू लागल्या. निरंजनभाऊ हातोडी आपटत ओरडले, "चिठ्ठ्या टाका! आज फैसला करूनच उठायचं!"

फैसला म्हणजे सोमवार, आणि सोमवार म्हणजे यंत्र. अंजनाबाईंच्या हातात चहासाठी आलं कुटायचा दस्ता होता. त्या तशाच उठल्या आणि त्यांनी माझ्यावर सुट्टीची लांब घंटा दिली. ठण्ण ठण्ण ठण्ण.

मित्रांनो, जमलेले बहुतेक याच शाळेत शिकले होते. पद्मिनीबाईंचं वाक्य 'अस्मि'वर थांबलं. सगळे उठले, पिशव्या खांद्याला लावल्या आणि फाटकाकडे निघाले. शेखरभाऊ तर रांगेत उभे राहिले.

"चल बहिनी, छुट्टी होगे," म्हणत रमादीदींनी पद्मिनीबाईंचा हात धरला.

ठराव झाला नाही, म्हणून यंत्र खोक्यातच आहे. 'निर्णय होईपर्यंत अंजनाबाई कामावर राहतील,' असं मुख्याध्यापकांनी लिहून दिलं. त्यानंतर आणखी तीन सभा झाल्या. निर्णय जवळ आला की अंजनाबाई आलं कुटायला घेतात.

मित्रांनो, तुमच्या भाषा तुम्ही जरूर सांभाळा. त्यांच्यासाठी भांडायला माणसं पुष्कळ आहेत. पण एखादी भाषा जिंकली की कुणाचं काम जाणार, हेही एकदा विचारत जा.

आणि निरंजनभाऊ, ती हातोडी तुमच्या पिशवीतून तुमच्या घरी गेली आहे. तेवढी परत पाठवा. दस्त्यानं वाजवल्यापासून माझ्या अंगाला आल्याचा वास येतो.