शुद्धलेखन माझ्यापाशी होतं

मी हार्ड डिस्क बोलतेय. दचकू नका. संगणक म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पडदा येतो, कीबोर्ड येतो, माऊस येतो. मी कुणाच्या खिजगणतीतही नसते. पत्र्याच्या खोक्यात स्क्रूंनी जखडलेली एक चपटी डबी, एवढीच माझी ओळख. पण तुम्ही 'सेव्ह' करून जे जे निर्धास्तपणे सोडून देता, ते सगळं माझ्याच पदरात पडतं.

माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत. त्या गरगर फिरतात आणि एक बारीक सुई त्यांना न शिवता त्यांच्यावरून सरकत राहते. कारखान्यातून निघाले ती दोन खोल्यांच्या एका घरात येऊन पडले. घरात माणसं दोनच, आई आणि तिची लेक. आई दवाखान्यात परिचारिका, नेहमी दुपारपाळीला. लेक शाळेतून घरी यायची तेव्हा आई कामावर असायची.

पोरीच्या शुद्धलेखनाचा तर सगळा आनंदीआनंद होता. ऱ्हस्व-दीर्घाशी तिचं जन्माचं वाकडं. शाळेतल्या बाईंनी रोज शुद्धलेखन घालायला सांगितलं, पण घालणार कोण? मग आई सकाळची कामं उरकून माईक पुढ्यात घ्यायची आणि वाक्यं सांगून ठेवायची. लेक आली की बटण दाबायची, वही उघडायची आणि आईच्या आवाजासमोर लिहायला बसायची. ते सगळं मी ठेवून घेतलं.

पोरगी मोठी झाली, नोकरीला लागली. माझ्यात गाणी आली, फोटो आले, 'नवीन फोल्डर' आला आणि त्याच्या आत आणखी एक 'नवीन फोल्डर' आला. माणसं पोरांना नाव ठेवायला महिनोन्महिने डोकं खाजवतात आणि फोल्डरला नाव द्यायचं तर त्यांच्या जिवावर येतं! पुढे घरात लॅपटॉप आला आणि आमच्यावर जुनी चादर पडली. कॉपी मात्र कुणी काढून ठेवली नाही. "आहे की त्या संगणकात," असं दोघी म्हणायच्या. याला विश्वास म्हणावा तर तसंही नाही, नुसता आळस.

मग आईच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. ती घरी आली गळ्याला रुमाल बांधून, हातात पाटी घेऊन. फोनवर लिहिलं की फोन ते वाचून दाखवायचा, पण कुणा परक्या बाईच्या आवाजात. आईने ते एकदाच ऐकलं आणि पाटीवर लिहिलं, 'ही भवानी कोण?' स्वतःच हसली, पण फोन बाजूला ठेवला तो ठेवलाच.

तेव्हा लेकीला माझी आठवण झाली. घरातल्या व्हिडिओंमध्ये आई कुठेच बोलत नव्हती, कारण कॅमेरा नेहमी तिच्याच हातात असायचा आणि ती आपली श्वास रोखून उभी. तिचा आवाज राहिला होता तो फक्त माझ्यापाशी. लेकीने चादर काढून बटण दाबलं. काळ्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ उमटली आणि घोडं तिथेच अडलं. संगणक सुरू व्हायला जे वाचावं लागतं, नेमका माझा तोच कोपरा खराब झाला होता. तिने पुन्हा पुन्हा बटण दाबलं आणि मी आतल्या आत टकटक करत राहिले.

मामा धावून आला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, घरातला स्वयंघोषित इंजिनियर. आल्या आल्या त्याने खोक्याला दोन थापा मारल्या.

"काही नाही गं, फॉरमॅट मारू. नव्यासारखा होईल बघ."

"आणि आतलं?"

"आतलं काय करायचंय? जुना कचराच ना सगळा?"

बोलता बोलता त्याने सीडी घातलीसुद्धा. फॉरमॅट म्हणजे होतं नव्हतं ते सगळं मी विसरायचं. त्याचं बोट बटणाकडे निघालं. लेकीने सरळ भिंतीतून वायरच उपटली.

"मामा, आईचा आवाज आहे त्यात!"

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने स्वतःच्या हाताने एकेक स्क्रू सोडवून मला बाहेर काढलं, पंचात गुंडाळलं आणि दुरुस्तीच्या दुकानापर्यंत मांडीवर धरून बसला. आईही बरोबर आली, पण आढेवेढे घेतच.

दुरुस्तीवाली बाई मोजकंच बोलणारी होती. मला कानाशी धरून तिने टकटक ऐकली.

"पुन्हा चालू करून बघू नका, दर वेळी जास्त बिघडेल. यावर आता संगणक सुरू व्हायचा नाही, पण आतलं वाचता आलं तर बघते. आधी जमेल तेवढी जशीच्या तशी नक्कल काढू, मग शोधू."

तिने मला तिच्या यंत्राला जोडलं. जिथे मी अडले तिथे तिने जबरदस्ती केली नाही. पुढचं घेतलं, मग मागे येऊन हलकेच पुन्हा विचारलं. मीही जीव तोडून दिलं. गाणी गेली, फोटो अर्धेमुर्धे आले, फाइलींची नावं तर पार पुसली. शेवटी तिने वायर काढली आणि मी टेबलावर निपचित पडले. पुन्हा फिरेन असं वाटत नाही. म्हणून जाता जाता तुम्हाला हात जोडते, आपल्या माणसाचा आवाज एकाच ठिकाणी ठेवू नका. आम्हीही थकतो हो.

आईने पाटी पुढे केली होती, 'कशाला एवढा खटाटोप? घरी चला.'

"थांब ना जरा," लेक म्हणाली.

दुरुस्तीवालीने नकलेतली एक फाइल लावली. खरखर झाली आणि मग ठणठणीत आवाज आला.

"लिही. आमच्या मांजरीला शेजाऱ्यांकडचंच दूध गोड लागतं. पूर्णविराम. इकडेतिकडे बघू नकोस, मांजर आलेली नाही."

मामाने तोंड फिरवून नाक पुसलं. स्पीकरमधून आता कुजबुज येत होती. पोरीला लिहायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून तेव्हाची आई तेच वाक्य तिच्या गतीने, वेलांट्या-उकारांसकट, मनाशी पुटपुटत होती. खुर्चीतली आई उठून टेबलापाशी आली आणि तिचे ओठ हलू लागले. वाक्यं तिची तिला पाठ होती. आधी ओठ थोडे मागे पडले, मग आवाजाला येऊन मिळाले. लेक पडद्याकडे बघतच नव्हती, ती आईच्या तोंडाकडे बघत होती.

"लिहिलंस का गं?" आईने विचारलं.

"हो, आई," लेक म्हणाली. "पुढचं सांग."